ताठ कण्याचं गाऱ्हाणं

माझे वडील म्हातारपणी एकदाच ताठ उभे राहिले आणि त्याबद्दल आम्हाला देवाला दंडाचा नारळ द्यावा लागला.

अप्पा आता नाहीत, म्हणून हे लिहायचा धीर होतो. ते असते तर दर वाक्याला "ह्या असा नाय घडला" म्हणाले असते आणि लेख पहिल्या पानावरच संपला असता.

सत्तरी उलटल्यावर त्यांच्या पाठीला बाक आला, तो वाढतच गेला. रस्त्याने जाताना त्यांना माणसं दिसत नसत, चपला दिसत. "निळी पट्टी? म्हणजे पोस्टमन इलो," असं म्हणून ते चपलांशीच गप्पा सुरू करत. (चपलांचा मालक कधी कधी भलताच निघे. गप्पा मात्र छान होत.) याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं गाऱ्हाण्याचं.

जत्रेच्या दिवशी गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. गाऱ्हाणं घालणारा गाभाऱ्याच्या उंबरठ्यासमोर उभा राहून मोठ्याने मागणं मागतो आणि दर मागण्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. शेवटी वाकून नारळ उंबरठ्यावर ठेवला की गाऱ्हाणं संपलं. तोवर तोंडातून जे निघेल ते देवाला पोचतं. पण पाठ वाकल्यापासून अप्पांचा आवाज फरशीकडे जाऊ लागला होता. एका वर्षी त्यांनी मध्येच "माझो चष्मो खंय पडलो?" असं विचारलं आणि मागे उभ्या असलेल्या गावाने भक्तिभावाने "व्हय म्हाराजा" म्हटलं.

त्याच संध्याकाळी माझा चुलतभाऊ बाबलो घरी आला. "काका, आता तुमका त्रास कित्याक? फुडल्या वर्षी गाऱ्हाणा मी घालतंय."

"मी मेल्यार घाल," अप्पा त्याच्या चपलांना म्हणाले. त्यानंतर कित्येक दिवस ते धड जेवले नाहीत.

मी अप्पांचं चेडू, म्हणजे मुलगी, हायस्कुलात ग्रंथपाल. अडचण आली की पुस्तक काढायचं, एवढंच मला येतं. म्हातारपणातल्या पाठदुखीवरचं एक जाडजूड पुस्तक मी वाचून काढलं आणि अप्पांना कुडाळला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "हाडं ठिसूळ झालीत, पाठीचे स्नायू दुबळे झालेत. रोज हलका व्यायाम करा, भिंतीला पाठ लावून उभे राहा. पट्टा देतो, पण तो थोडाच वेळ, आणि सैलसर."

"भिंतीक टेकान उभो रवाक मी काय शाळेत आसंय?" बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले. व्यायाम तिथेच संपला. उरला पट्टा.

जत्रेच्या दिवशी तो बाहेर काढला, तर त्याच्या चिकटपट्टीत रेती आणि कापूस भरलेला. ती चिकटेना. मग मी काथ्याचं सुंभ घेतलं.

"अप्पा, श्वास घेवा."

"घेतलंय."

"आता धरून ठेवा."

"मरान जातलंय गो."

"गाऱ्हाण्यापुरताच."

पाठीमागे, सदऱ्याच्या आत, गाठीवर गाठ मारली. (डॉक्टर 'सैलसर' म्हणाले होते. पुस्तकात 'भक्कम आधार' असं होतं. मी छापील शब्दावर विश्वास ठेवला.)

अप्पा देवळात शिरले ते नारळाच्या झाडासारखे. गावाला कितीतरी वर्षांनी त्यांचं तोंड दिसलं. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अगो, हे अजून आसत?"

आणि आवाज! "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरांच्या वाटेत जा काय वाकडा आसात, ता सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अगदी मागच्या रांगेनेसुद्धा वेळेवर म्हटलं. बाबल्याचा चेहरा पडला. माझे डोळे भरून आले.

मग नारळ ठेवायची वेळ आली. अप्पा वाकेनात. कमरेतून वाकायला पट्टा सोडीना आणि गुडघ्यांनी तर पूर्वीच राजीनामा दिलेला. नारळ छातीशी धरून ते देवासमोर खांबासारखे उभे. मागे कुजबुज सुरू झाली.

"देवाक नमान नाय?"

"पाठ सरळ झाली तसो ताठो इलो."

अप्पा दातओठ खात मला म्हणाले, "सुमती, सोड माका."

"व्हय म्हाराजा!"

"तुमका नाय रे, चेडवाक सांगतंय."

"व्हय म्हाराजा!"

"मागची गाठ!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं चालू असताना बायकांनी पुढे जायची आमच्याकडे रीत नाही. मी बाबल्याचा हात धरला. "बाबल्या, थयसून नारळाचो कोयतो घी."

"कोणाक मारूचो आसा?"

"अप्पांचो सदरो वर कर आणि सुंभ काप."

भर देवळात, देव आणि गाव बघत असताना, बाबल्याने माझ्या वडिलांचा सदरा वर केला. सुंभ तुटलं, पट्टा चर्रकन उघडला आणि अप्पा मिटत्या छत्रीसारखे सावकाश खाली आले. नारळ उंबरठ्यावर टेकला. गावकऱ्यांनी तिथेच ठरवलं, ताठ्याबद्दल आणखी एक नारळ.

घरी त्यांच्या बरगड्यांवर वळ उठले होते. मी तेल लावत होते, ते पालथे पडून होते.

"आवाज पोचलो मां गो?" त्यांनी विचारलं.

"पोचलो, अप्पा."

पुढच्या वर्षी मान बाबल्याकडे जाणार हे मी धरूनच चालले होते. पण जत्रेला बाबलो आला तो मंडपवाल्याकडून माईक घेऊन. त्याने त्याचा दांडा पिळून अप्पांच्या कमरेएवढा खाली आणला. "काका, तुमी वाकलेलेच बरे. ताठ काका माझ्यान सांभाळूक जमाचे नाय."

अप्पांचा आवाज थेट किनाऱ्यापर्यंत गेला. पाऊसपाणी मागून झालं, मासळी मागून झाली. नारळ ठेवण्याआधी ते जरा थांबले, आणि माईकच्या आणखी जवळ गेले.

"आणि बा देवा, माझा चेडू पुस्तक वाचून माझ्यार जा काय करता, त्येच्यातसून माका वाचय रे म्हाराजा!"

एवढ्या जोरात "व्हय म्हाराजा" आमच्या गावाने कधी म्हटलं नव्हतं. मीही म्हटलं. गाऱ्हाण्यात 'नाही' म्हणायची सोय नसते.