इस्तालिफच्या द्राक्षाच्या काड्या

माझा नवरा प्रल्हाद चौरागडे कुणालाच नाही म्हणत नाही. लोक त्याला चांगुलपणा म्हणतात, मी त्याला रोग म्हणते. आम्ही फ्रीमाँटला आल्यापासून तो नागपूरला निघाला की बॅगेत तळाला आमचे कपडे आणि वर लोकांचं सामान. कुणाच्या वडिलांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, कुणाच्या भाच्याचे बूट. येताना कुणाच्या आईचे सांडगे, कुणाचं मेतकूट. "एवढंसंच आहे" म्हणत माणसं दोन किलोचं पुडकं हातात ठेवतात. विमानतळावर विचारतात, बॅग तुम्हीच भरली का, कुणी काही दिलंय का. आमच्या लोकांचं उत्तर ठरलेलं: सगळं माझंच. आपण खोटं बोलतोय असं कुणाच्या मनातही येत नाही.

दोन हजार चार साली त्याच्या कंपनीला काबूलच्या एका दवाखान्यात वीज गेल्यावर चालणाऱ्या मोठ्या बॅटऱ्या बसवायचं काम मिळालं. ऑफिसातलं कुणी जायला तयार होईना. साहेबाने प्रल्हादला विचारलं आणि हा हो म्हणून घरी आला.

मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. बॉम्बची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती परतीची होती. आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं. त्याच्या एच-वन व्हिसावर तो, मी आणि दुसरीतली नेत्रा, तिघांचं इथलं राहणं उभं. पासपोर्टवर काबूलचा शिक्का घेऊन आलेल्या सावळ्या, दाढीवाल्या माणसाला सॅन फ्रान्सिस्कोला आत घेतलंच नाही तर? शेवटी मी हे त्याला ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "काही नाही होत, शरयू. तू उगाच टेन्शन घेऊन राहिली." इथल्या महाराष्ट्र मंडळातले लोक "अरे यार, तिकडे कशाला मरायला जातोस" म्हणून हसले. त्या खेपेला मात्र एकानेही पुडकं दिलं नाही.

दिलं ते शेजारणीने. फ्रीमाँटला अफगाण लोक बरेच आहेत, आणि त्यातली सर्वांत खाष्ट बाई देवाने आमच्या भिंतीला भिंत लावून ठेवली होती. शकीलाखाला. आमच्या फोडणीचा वास, आमची गाडी, नेत्राची सायकल, तिला सगळ्याचा त्रास. पंधराएक वर्षं दिल्लीत काढल्यामुळे भांडायची हिंदीत. प्रल्हाद काबूलला चाललाय हे कळल्यावर ती स्वेटर आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेऊन दारात उभी राहिली. काबूलच्या उत्तरेला तासाभरावर इस्तालिफ नावाचं लहानसं गाव आहे, तिथे तिचा भाऊ याकूब राहतो. ती देश सोडून गेली, तो मागे राहिला. तिला त्याचा नंबर मिळाला होता, पण बहिणीचा आवाज ऐकला की तो फोन ठेवून द्यायचा. मी मागून डोळे वटारत होते. प्रल्हादने पुडकं घेतलं.

काबूलबाहेर जायचं नाही असं कंपनीने बजावलं होतं. हा शुक्रवारी दवाखान्याच्या ड्रायव्हरला घेऊन गेला. डोंगराच्या उतारावरचं गाव, निळ्या मडक्यांची दुकानं, आणि लढाईत जाळलेली घरं अजून तशीच, काळी, बिनछपराची. गाडी थांबली तशी दुकानातली बोलणी थांबली. एकाने दगड उचलून हातात धरला, मारला नाही एवढंच. याकूबने प्रल्हादला अंगणातच उभं ठेवलं, चहासुद्धा विचारला नाही. तिथे म्हणे वैऱ्यालाही चहा देतात. याकूब मोडक्या हिंदीत म्हणाला, ती दिल्लीत बसली होती तेव्हा इथे आमची बाग जळत होती, तिचा स्वेटर तिलाच घालायला सांग.

प्रल्हाद गाडीकडे वळला तर मागून याकूब चाकू घेऊन आला. याची बोबडीच वळली. पण याकूब वाकला तो कुंपणाशी. तिथे द्राक्षाच्या जळक्या खोडाला बुडातून पुन्हा फूट आली होती. त्याच्या तीन काड्या कापून त्याने ओल्या फडक्यात गुंडाळल्या.

"अब्बांची वेल आहे," तो म्हणाला. "तिला लावायला सांग. लागली तर फोन करू दे. मी उचलेन."

आणि स्वेटर ठेवून घेतला.

मी नाशिकची आहे, द्राक्षाच्या काड्या लहानपणापासून पाहिल्यात. त्या परदेशातून आणायच्या नसतात हे मलाही कळतं. प्रल्हादलाही कळत असणार. पण सॅन फ्रान्सिस्कोला अधिकाऱ्याने विचारल्यावर याच्या तोंडून तेच निघालं. कुणी काही दिलं नाही, सगळं माझंच. मग बॅग उघडली.

ज्याचं एक उत्तर खोटं निघालं, त्याच्या बाकीच्या उत्तरांवर कोण कशाला विश्वास ठेवेल? त्याला आतल्या खोलीत नेलं. मी नेत्राला घेऊन बाहेर उभी. आमच्यानंतर आलेले लोकसुद्धा आपापली माणसं घेऊन निघून गेले. मला प्रल्हादचा इतका राग आला होता की तो समोर आला असता तर मी त्याला मारलं असतं, आणि तो समोर यावा म्हणून मी सगळ्या देवांना हात जोडत होते. आत त्याला विचारत होते, काड्या कुणाच्या, कुणी दिल्या, कुठे भेटलास. त्याने सगळं सांगितलं. शकीलाखालाचं नाव, पत्ता. याकूबचं नाव, गाव, फोन नंबर. काड्या नष्ट करायला गेल्या. दंड झाला. प्रल्हाद संध्याकाळी बाहेर आला, राखेसारखा चेहरा घेऊन.

मंडळातले लोक चहाला येऊन किस्सा ऐकून गेले. सिनेमा पाहिल्यासारखे.

खालाकडे तो दुसऱ्याच दिवशी गेला आणि काहीही न लपवता सगळं सांगून आला. आठवड्याने तिच्याकडे सूट घातलेले दोघे आले. सभ्यपणे बसले, भावाबद्दल बरंच विचारून गेले. ते गेल्यावर ती आमच्या दारात आली.

"याकूब फोन उचलेन म्हणाला होता?" तिने विचारलं.

प्रल्हाद घाईघाईने म्हणाला, "हो, खाला. वेल जाऊ द्या. तुम्ही फोन करा, मी नंतर त्याला समजावून सांगतो."

"आता माझा फोन ते ऐकतील. अमेरिकेची माणसं याकूबची चौकशी करतात हे तिकडे एकाला जरी कळलं, तरी त्याला कोण जिवंत ठेवेल?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी फोन करणार नाही. त्याला वाटू दे की वेल लागली नाही."

प्रल्हाद काहीतरी बोलायला गेला. मी त्याला मागे ओढलं आणि दार लावून घेतलं. तिचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माझा नवरा दाराच्या आत होता, आणि त्या दिवशी विमानतळावर मी दुसरं काहीच मागितलं नव्हतं.