इंदूताईंनी भरलेली चोरओटी

रायपूरच्या तात्यापारा वस्तीत कुणा मराठी घरी डोहाळजेवण निघालं, की मुहूर्ताच्या आधी एक गोष्ट पाहिली जाई : इंदूताई देवगडे त्या दिवशी मोकळ्या आहेत ना? ओटीचा पहिला मान त्यांचा. त्यांच्या हाताला गुण आहे, असं बायका म्हणत. इंदूताई ‘माझं काय त्यात, सारं देवाचं’ म्हणून हात जोडत आणि मान घ्यायला सर्वांच्या पुढे उभ्या राहत. यवतमाळहून लग्न होऊन इथं आल्या तेव्हा त्यांना परक्या गावात कुणी ओळखत नव्हतं. हळदीकुंकू, मंगळागौर, बारशी करत करत त्यांनी हे नाव कमावलं होतं, आणि ते त्यांना फार जपावंसं वाटे.

घर चौघांचं. यजमान चारुदत्तराव रेल्वेतून निवृत्त झालेले, पेपर आणि देवपूजा एवढ्यात रमणारे. मुलगा अनिमेष उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर. सून स्नेहल दुर्गची, शंकर नगरात एका विम्याच्या ऑफिसात नोकरीला. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीतून येई. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता.

हेच ते दुखणं. अर्ध्या वस्तीच्या ओट्या भरणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरात ओटी रिकामी! कुणी तोंडावर बोलत नसे, पण हळदीकुंकवाला एखादी गोड आवाजात विचारीच, “इंदूताई, तुमच्याच घरी काहून उशीर होऊन राहिला?” मग घरी आल्यावर इंदूताई सुनेला एक नवा उपास लावून देत. आधी चतुर्थी होतीच. मग महाराजांचा गुरुवार आला. मग सोमवार. स्नेहल कशालाच नाही म्हणत नसे. ‘जी आई’ म्हणे आणि करी.

उरलेल्या दिवशीही ती जेवत होती असं नाही. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, ही इंदूताईंच्या सासूपासून चालत आलेली रीत. नैवेद्य होईपर्यंत स्नेहलची ऑफिसची वेळ होई. ती चहा पिऊन निघे. रात्री आधी बापलेक जेवत, मग इंदूताई, आणि शेवटी ओटा आवरून स्नेहल. इंदूताई मैत्रिणींत कौतुकानं सांगत, “आमची सून म्हणजे नाजूक. चिमणीसारखी खाते.” पातेल्यात तिच्यासाठी उरतं काय, हे पाहायला मात्र त्यांनी कधी झाकण उचललं नाही. लग्नातली पोलकी गोल बाजारच्या टेलरकडून दोनदा आत घ्यावी लागली, तेव्हा इंदूताईंना अभिमानच वाटला. लग्नानंतर फुगणाऱ्या सुना त्यांनी खूप पाहिल्या होत्या.

त्या घरात विटाळ फारसा उरला नव्हता. स्नेहलनं बाहेर बसावं असा इंदूताईंचाही आग्रह नव्हता. फक्त त्या दिवसांत तिनं देवापुढचा दिवा लावायचा नाही. सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून खाली बघत म्हणे, “आई, आज बाबांना दिवा लावायला सांगा.” एवढं एकच वाक्य ती मराठीत बोलायची. मग चारुदत्तराव काडेपेटी शोधत येत आणि इंदूताईंचं तोंड वाकडं होई. आणखी एक महिना गेला. त्या दिवसाच्या भाजीत मीठ कमी-जास्त झालं, तरी बोल स्नेहललाच लागे.

यंदा पावसाळा संपता संपता इंदूताईंच्या लक्षात आलं, की चारुदत्तरावांनी बऱ्याच दिवसांत दिवा लावलेला नाही. मनात हिशेब केला तर तिसरा महिना. सुनेचा चेहरा पांढुरका, चालताना धाप, केस गळणं, दुपारी ऑफिसात घेरी आल्याचं अनिमेष सांगत होता. आता आणखी काय पाहायचं राहिलं? एका वाक्यात विचारता आलं असतं. पण असलं तोंड उघडून विचारायचं नसतं, सून लाजते, आपण समजून घ्यायचं असतं, अशी इंदूताईंची समज. समजून घेण्याची त्यांना फार हौस.

तिसऱ्या महिन्यात भरतात ती चोरओटी. गाजावाजा न करता, चार घरच्या बायका बोलावून. इंदूताईंनी गोल बाजारातून हिरवा खण आणला, नारळ हलवून पाणी वाजतं का ते पाहिलं, आणि शेजारच्या शारदाबाईंसह पाचजणींना तिन्हीसांजेला बोलावलं. स्नेहल ऑफिसातून आली तर पाट मांडलेला. ती दारातच थबकली.

“आई, ये क्या है?”

“बस पोट्टी, बस. मले सगळं माहीत आहे. लाजू नको,” इंदूताई म्हणाल्या आणि हाताला धरून तिला पाटावर बसवलंच.

स्नेहलनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण तोवर शारदाबाईंनी कुंकू लावलं, खण-नारळ पदरात पडला, तांदळाच्या ओंजळी पडल्या. मग इंदूताईंनी तिला सर्वांच्या आधी ताटावर बसवलं. काय खावंसं वाटतं, असं विचारलं. स्नेहल म्हणाली, “गरम पोळी.” इंदूताईंनी तव्यावरून काढून तूप लावून वाढली. स्नेहल खाली मान घालून खात होती आणि तिचे डोळे वाहत होते. “आनंदाचे आहेत,” शारदाबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माना डोलवल्या.

पुढच्या आठवड्यात इंदूताई स्वतःच तिला शंकर नगरातल्या एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. गुरुवार होता. बाकीचे उपास त्यांनी सोडायला लावले होते, पण महाराजांचा गुरुवार कसा सोडायचा? त्यांनीच तर दिलं होतं!

डॉक्टरबाईंनी स्नेहलचा हात हातात घेऊन नखं पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, वजन केलं. “सुबह से क्या खाया है?”

“आज उपास आहे तिचा,” इंदूताई मोठ्या अभिमानानं म्हणाल्या, “चहा घेतला. तिसरा महिना लागला, तरी पाळते.”

डॉक्टरबाईंनी स्नेहलकडे पाहिलं. स्नेहलनं जमिनीकडे. तपासणी झाली, जेवणाखाण्याची आणि उपासांची चौकशी झाली, सोनोग्राफी झाली, रक्त काढून नेलं. मग डॉक्टरबाईंनी पेन बाजूला ठेवलं. “माताजी, बच्चा नहीं है. था ही नहीं.”

इंदूताईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग पाळी कशी थांबली? डॉक्टरबाईंनी हिंदीत, शांतपणे, मुलीला समजवावं तसं सांगितलं. बाईच्या शरीराला मूल धरायचं तर आधी अंगात पुरेसं अन्न लागतं, रक्त लागतं. उपासमार होत राहिली, वजन फार उतरलं, की शरीर आधी स्वतःचा जीव वाचवायला बघतं. बीज तयार करून सोडायचं काम ते थांबवतं, म्हणून पाळीही थांबते. हिच्या अंगात रक्त कमी दिसतं, गळ्यावरून थायरॉईडचीही शंका येते, आणि त्यानंही हेच बिघडतं. “बच्चा नहीं हो रहा इसलिए उपवास करवा रही हैं,” त्या म्हणाल्या, “और उपवास की वजह से ही देर हो रही है.” गोळ्या लिहून दिल्या. दोन्ही वेळ पोटभर जेवण, सकाळचा नाश्ता, डाळी, पालेभाज्या, अंडं चालत असेल तर अंडं, झोप. मुलालाही तपासायला पाठवा, म्हणाल्या. खात्री कशाचीच देत नाही, पण आधी ही धडधाकट झाली पाहिजे.

ऑटोत बसल्यावर इंदूताईंनी विचारलं, “तुले माहीत होतं?”

“हां. टेस्ट किया था घर में. अनिमेष को बताया था. वो बोला, मैं आई को बता दूँगा.” अनिमेषनं अर्थातच सांगितलं नव्हतं. आईपुढे त्याची वाचा बसते, हे इंदूताईंना आजवर आज्ञाधारकपण वाटत आलं होतं.

“मग पाटावर बसली काहून? बोलली काहून नाही?”

स्नेहलनं गोळ्यांची पिशवी मांडीवर घेतली. मग मराठीत म्हणाली, “तुम्ही इतक्या खुश होत्या. आणि त्या दिवशी तुम्ही मले सगळ्यांच्या आधी वाढलं, आई. चार वर्षांत पहिल्यांदा.”

इंदूताईंना जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. आणि त्यांना एकदम आपलीच सासू आठवली. सगळ्यांची जेवणं झाल्यावर आपण खात होतो ती पातेल्याच्या बुडाची खरवड आठवली. अनिमेषच्या आधीचे दोन, जे राहिले नाहीत, ते आठवले. तेव्हाही सासूनं उपासच लावले होते. आता त्या दोघांचं कारण तेच होतं की दुसरं, हे कुणीच सांगू शकलं नसतं. पण आपल्या ताटात जे पडलं, तेच आपण मुकाट्यानं या पोरीला वाढलं, एवढं मात्र त्यांना लख्ख कळलं.

हे कळूनही त्यांनी काय करावं? दुसऱ्याच दिवशी शारदाबाईंचा फोन आला, “काय म्हणे डॉक्टरीण?” आणि इंदूताईंच्या तोंडून निघून गेलं, “राहिलं नाही हो. पडलं.” एवढं मोठं नाव, पाचजणींनी भरलेली ओटी, आणि पोटात काहीच नव्हतं, असं कसं सांगायचं? त्यांनी वळून पाहिलं तर स्नेहल दारात उभी. ती डबा उचलून ऑफिसला गेली.

मग बायका येऊ लागल्या. स्नेहलच्या पाठीवरून हात फिरवून जात. एकीनं तर हळूच विचारलं, “काही जड उचललं होतं काय गं?” शारदाबाईंनी डिंकाचे लाडू करून आणले, अशा वेळी कंबर धरते म्हणून. स्नेहलनं दोन्ही हातांनी डबा घेतला, ‘थँक्यू काकी’ म्हणाली. जे मूल कधी नव्हतंच, ते गमावल्याचा दोष तिच्या अंगावर आला होता आणि ती तोही ‘जी आई’ म्हणावं तसा घेत होती. इंदूताई रोज तिला ताट वाढायच्या. ती अर्धं खाई, उठून जाई. अन्न पुढे ठेवलं म्हणजे ते घशाखाली उतरतं असं नाही, हे इंदूताईंना त्या दिवसांत समजलं.

महिन्याभरात शारदाबाईंच्या लेकीचं, गंधालीचं डोहाळजेवण आलं. पहिला मान अर्थात इंदूताईंचा. स्नेहललाही बोलावलं होतं, पण ती भिंतीशी बसली होती. ओटीच्या वेळी कुणीतरी तिला खुणेनं मागेच बसायला सांगितलं. जिचं नुकतंच पडलं, तिची गंधालीवर सावली नको. इंदूताईंनी ती खूण पाहिली. त्यांच्या हातात खण होता.

“पडलं नाही तिचं,” त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक आला, की पुन्हा म्हणावं लागलं. “स्नेहलचं काही पडलं नाही. कधी राहिलंच नव्हतं. म्या तिले विचारलं नाही अन् ओटी भरून टाकली. तिची पाळी थांबली होती, कारण म्या तिले उपाशी ठेवलं. उपासावर उपास लावले. सगळ्यांच्या मागून जेवू घातलं. अन् वरून तुमच्याशी खोटं बी मीच बोलली.”

शारदाबाई म्हणाल्या, “जाऊ द्या ना इंदूताई, आजच्या दिवशी कशाला...” कुणीतरी घाईघाईनं गाणं सुरू केलं. इंदूताईंनी खण शारदाबाईंच्या हातात दिला आणि जाऊन स्नेहलच्या शेजारी भिंतीशी बसल्या. लाज कमी झाली नव्हती, उलट आता ती सर्वांना दिसत होती. पण निदान ती स्नेहलवरून उतरून जिची तिच्याकडे आली होती.

त्यानंतर ओट्यांची बोलावणी कमी झाली. इंदूताईंना ते लागलं, नाही असं नाही. घरात मात्र सकाळचा नैवेद्य स्नेहलच्या ताटानंतर होऊ लागला. चारुदत्तराव थोडे कुरकुरले. “देवाले घाई नाही,” इंदूताईंनी त्यांना ऐकवलं. अनिमेषलाही त्यांनी कान धरून डॉक्टरकडे पाठवलं. स्नेहल गोळ्या घेई, पुढे ठेवलेलं खाई. कमी पडलं तरी मागत मात्र नसे.

थंडी सरत आली होती. इंदूताई तव्यापाशी होत्या. स्नेहल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि सवयीप्रमाणे खाली बघत म्हणाली, “आई, आज बाबांना दिवा लावायला सांगा.”

इंदूताईंच्या हातातली पोळी हातातच राहिली. हे वाक्य ऐकून आपण दर महिन्याला केलेलं वाकडं तोंड त्यांना आठवलं, आणि ते झेलत उभी राहिलेली ही पोर. आज त्याच वाक्यानं त्यांचे डोळे भरून आले. थांबलेलं शरीर पुन्हा चालू लागलं होतं. मूल होईल, न होईल, पुढचं पुढे.

“दिवा कोणी बी लावेल. तू बस आधी,” त्या म्हणाल्या. “पोटात दुखून राहिलं काय?”

“थोडा.” स्नेहल पाटावर बसली. इंदूताईंनी तूप लावून पोळी वाढली, मग दुसरी. बाहेर चारुदत्तराव काडेपेटी शोधत होते. दुसरी संपली तेव्हा स्नेहलनं ताट जरासं पुढे सरकवलं.

“आई, और एक.”

इंदूताई झटकन तव्याकडे वळल्या, कारण तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. चार वर्षांत तिनं मागून घेतलेली ही पहिली पोळी होती.