धावपट्टीवरची रांग

माझे वडील जमिनीकडे बघत चालतात. लहानपणी मला शाळेत सोडायला यायचे तेव्हाही तसेच. मी काहीतरी सांगत असायचे आणि ते मध्येच वाकून एखादा खिळा, एखादं बूच उचलून खिशात टाकायचे. कपडे धुताना आई त्या खिशांवर वैतागायची. पप्पा हवाई दलात इंजिन फिटर होते. रनवेवरचा एक खडा विमानाच्या इंजिनात गेला तर काय अनर्थ होतो, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतही सांगेन. त्या दिवशी माझ्या शाळेत काय झालं हे मात्र त्यांनी कधी विचारल्याचं आठवत नाही.

आई मागच्या वर्षी गेली. यंदा जानेवारीत मी पप्पांना तीन महिन्यांसाठी स्टुटगार्टला घेऊन आले. सगळे म्हणाले, पोरगी बापाची किती काळजी घेते. खरं सांगायचं तर मला आईबद्दल बोलायचं होतं. नवरा येना नावाच्या लांबच्या शहरात नोकरीला, शनिवार-रविवारी घरी येतो. तो बिचारा ऐकतो, पण त्याच्यासाठी ती सासूच. आईला जवळून ओळखणारं माणूस आता एकच उरलं होतं आणि ते माझ्या सोफ्यावर बसून मोबाइलमध्ये बंद पडलेल्या एअरबेसचे फोटो बघत होतं.

तो बेस राजस्थानच्या टोकाला होता. बंद होऊन बरीच वर्षं झाली. हँगरचे पत्रे गेलेत, रनवेच्या भेगांतून बाभळी उगवल्यात, त्यांवर शेळ्या चरतात. पप्पांच्या जुन्या सहकाऱ्यांचा एक ग्रुप आहे. असा एखादा फोटो आला की खाली सगळे म्हातारे लिहितात, 'गोल्डन डेज'. कसले डोंबलाचे गोल्डन डेज! मी तिथेच वाढले आहे. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही खारट. चपला झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, आत विंचू. उन्हाळ्यात चादरी ओल्या करून झोपायचं. तेव्हा हेच सगळे बदलीसाठी नवस बोलत होते. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण इथे तर डोंगरही नव्हता, नुसती वाळू होती.

आणि आईचा विषय काढला की पप्पा "हं" म्हणायचे आणि चहा मागायचे.

फेब्रुवारीत बर्फ पडला. आमची गल्ली चढावर आहे, बर्फ गोठला की फुटपाथवर बारीक खडी टाकावी लागते, नाहीतर माणसं घसरतात. त्या आठवड्यात आमची केअरवोख होती. केअरवोख म्हणजे झाडलोटीची पाळी. या शहरात डॉक्टर असो की ट्राम चालवणारा, पाळी आली की जिना आणि फुटपाथ ज्याचा त्यानेच बघायचा. मी सकाळी खडी टाकून ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर फुटपाथ लख्ख! एक खडा नाही. पप्पा दारात खडीने भरलेली बादली घेऊन उभे.

"केवढे खडे गं तुमच्या रस्त्यावर! कुणाचं लक्षच नाही," ते म्हणाले. चेहऱ्यावर समाधान.

"पप्पा, ते मी टाकले होते!"

"तू? रस्त्यावर खडे टाकलेस?" मी एखादा गुन्हाच केल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझं डोकंच फिरलं. दिवसभर ऑफिसात शिणून आलेली, वर हे. त्या भरात मी बोलून गेले, "लोक बघतात पप्पा. आपण एवढं शिकून इथवर आलो ते काय तुम्ही फुटपाथवर वाकून खडे वेचावेत म्हणून?"

त्यांनी बादली दाराच्या आत नेऊन ठेवली. एवढ्यात बेल वाजली. तळमजल्यावरचे शेजारी होते. सत्तरी ओलांडलेले, उंच, एका गुडघ्याने अधू. नुकतेच घसरता घसरता वाचले होते आणि संतापले होते. खडी कुणी काढली? मी जर्मनमध्ये माफी मागत होते, तेवढ्यात मागून पप्पा म्हणाले, "एफ-ओ-डी."

शेजारी थांबले. पप्पांनी हवेत बोट गरगर फिरवलं, चिमटीतला खडा त्यात सोडला आणि तोंडाने "धडाम" केलं. शेजाऱ्यांनी आधी बादलीकडे पाहिलं, मग पप्पांकडे, आणि जिन्याच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. रनवेवर पडलेल्या ज्या कुठल्या वस्तूने विमानाला इजा होईल तिला जगभर हेच म्हणतात म्हणे. हे गृहस्थ जर्मन हवाई दलात मेकॅनिक होते. तासाभरावरच्या एका बेसवर त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. तोही बंद.

झालं. त्या दिवसापासून माझ्या नाकी नऊ आले. दोघांचं इंग्रजी नटबोल्टपुरतं चालायचं, आठवणी निघाल्या की संपायचं. मग मला हाक. मी कुकर लावलेला, उद्याचं प्रेझेंटेशन बाकी, आणि हे दोघे माझ्याच स्वयंपाकघरात बसून कुठल्या काळच्या ग्रीसच्या वासाबद्दल बोलणार, ते मी मराठीतून जर्मनमध्ये आणि जर्मनमधून मराठीत करायचं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! बरं, दोघांच्याही गोष्टींत तक्रार म्हणून नाही. थंडी छान, ऊन छान, मेसमधलं करपलेलं जेवण छान, खवट साहेबसुद्धा छान. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, करत शेजारी मान डोलवायचे. पप्पाही ते शिकले. माझ्याशी फोनवर दोन वाक्यांत आटपणारा माणूस एका परक्या जर्मनाशी तास तास बोलत होता, आणि तेही माझ्याच तोंडून. त्यात आई कुठेच नव्हती. मीही नव्हते. मी वाट बघायचे, आता येईल तिचं नाव, आता येईल. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, नाव काही यायचं नाही.

मार्चमध्ये बर्फ गेला आणि शेजाऱ्यांच्या जुन्या बेसवर त्यांच्या लोकांचा वार्षिक मेळावा आला. "तुझ्या वडिलांना न्यायचंच," ते म्हणाले. म्हणजे मलाही जायचंच. शनिवार गेला. त्यांच्या बायकोने दोन केक केले होते आणि गाडीत ते स्वतःच्या मांडीवर धरून बसली होती.

बेसवर बघण्यासारखं काही नव्हतं. बहुतेक जागेवर सोलर पॅनेल लावलेली, एका हँगरमध्ये कुणीतरी कॅराव्हॅन ठेवायला भाड्याने जागा देतो. रनवेचा एक तुकडा तेवढा शिल्लक. तिथे वीसेक म्हातारे जमले होते. थोड्या वेळाने कुणी काही न सांगता ते रनवेवर एका ओळीत उभे राहिले, हातभर अंतर ठेवून, आणि खाली बघत चालू लागले. मधूनच एखादा वाकायचा, काहीतरी उचलायचा, पिशवीत टाकायचा. विमान उडायच्या आधी रोज सकाळी असंच करायचे म्हणे. आता तिथून साधी फुलपाखरं उडत असतील. मी पप्पांना शोधलं तर ते त्या ओळीत, शेजाऱ्यांच्या बाजूला, पाठीमागे हात बांधून चालत होते. त्यांची पाठ धरते, वाकू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. मी लांबून ओरडले. त्यांनी ऐकलं नाही आणि वाकले.

नंतर हँगरच्या कोपऱ्यात लांब टेबलावर कॉफी मांडली होती. शेजाऱ्यांची बायको मोठी किटली घेऊन प्रत्येकाच्या कपात ओतत फिरत होती. कुणीतरी पप्पांना विचारलं, तुमच्याकडेही असंच चालायचे का? मी भाषांतर केलं. पप्पा खुर्चीत सरसावून बसले.

"असंच. पण आमच्याकडे सगळे असायचे. पायलट, क्लार्क, झाडूवाला, सीओसाहेब, म्हणजे बेसचा सगळ्यात मोठा अधिकारी. एकाच लाइनीत, खांद्याला खांदा. दिसलं की वाकायचं." ते जरा थांबले. "आमच्या गावात खाली पडलेलं उचलायचं काम आमच्याच वस्तीचं. बाकीचे उभे राहून बघणार. बेसवर सीओ माझ्या शेजारी वाकायचा. एकदा माझ्या बुटापुढचा खडा त्यानं उचलला आणि मला म्हणाला, सॉरी सार्जंट."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. फुटपाथवरून मी त्यांना काय बोलले होते ते आठवून कानशिलं तापली. वस्तीचं जर्मनमध्ये समजावताना मला दोनदा थांबावं लागलं. म्हातारे गंभीर झाले. पण खरं सांगते, गहिवर आला त्याच्या दुप्पट राग आला. ही गोष्ट मला सांगायला यांना जर्मनी लागली? वीस अनोळखी माणसं लागली?

तेवढ्यात एकाने विचारलं, "आणि कुटुंबाला आवडायचं तिथे?"

"फॅमिली एकदम खूश," पप्पा म्हणाले.

मी ते भाषांतर केलंच नाही. मी जर्मनमध्ये माझंच सांगितलं. की माझी आई डी.एड. झालेली, शिक्षिका व्हायचं म्हणून हट्टाने शिकलेली होती. त्या वाळूत तिला नोकरी मिळणं शक्य नव्हतं. शेजारची पोरं व्हरांड्यात गोळा करून ती फुकट शिकवायची. दर वर्षी म्हणायची, यंदा पुण्याची बदली येईल, मग मी शाळेत लागेन. बदली आलीच नाही. पुढे तिचं वय उलटून गेलं. शेवटच्या आजारपणातही एकदा म्हणाली होती, बदली आली असती तर.

पप्पांना जर्मन येत नाही, पण ते मूर्ख नाहीत. "मी एवढं बोललो नव्हतो," ते म्हणाले.

"मी आईचं सांगितलं. बदली आली नाही ते."

त्यांनी केकचा तुकडा काट्याने इकडून तिकडे सरकवला. "आली होती," ते म्हणाले.

"काय?"

"बदली. पुण्याची. तू तिसरीत होतीस. मी साहेबांना विनंती करून रद्द करून घेतली."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

हँगरमध्ये सगळे आपापलं बोलत होते. आमच्या टेबलावरचे तेवढे आमचे चेहरे बघत होते.

"पुण्याला आलो असतो तर दर रविवारी गावाला जाणं आलं असतं," पप्पा म्हणाले. "लग्नं, बारशी, मयती. वेशीपाशी गाडीतून उतरलो की परत तेच, मी कुणाचा कोण ते. तिथं मी चोवीस तास सार्जंट होतो. मला कुणी वस्ती विचारली नाही. मला तिथं बरं वाटायचं गं."

"आणि आईला?"

"तिला नव्हतं वाटत. दिसत होतं मला." मग म्हणाले, "सांगायचं राहून गेलं असं म्हणणार नाही मी. सांगितलंच नाही. आता कुणाला सांगू?"

इतके महिने मी ज्याची वाट बघत होते ते हे. आईबद्दलचं त्यांचं पहिलं बोलणं. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली नाही. त्यांचं म्हणणं मला कळत होतं, अगदी हाडापर्यंत कळत होतं, आणि त्याचाच जास्त संताप येत होता, कारण कळलं नसतं तर निदान धड भांडता आलं असतं. भांडायला हवं होतं ते आईने. तिला तेवढीही संधी मिळाली नाही.

"काय म्हणतात ते?" शेजाऱ्यांनी हळूच विचारलं.

मी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, एक मऊ केला नाही. ऑफिसात चुकीच्या रिपोर्टबद्दल सांगावं तसं सांगितलं. म्हातारे आपापल्या कपांत बघू लागले.

शेजाऱ्यांची बायको किटली घेऊन माझ्या मागेच उभी होती. "माझ्यानेही," ती म्हणाली.

शेजाऱ्यांनी वळून पाहिलं. "काय?"

ती पुढच्या कपात कॉफी ओतू लागली.

"त्या काय म्हणाल्या?" पप्पांनी मला विचारलं.

"म्हणाल्या, यांच्या नवऱ्यानेही तेच केलं."

पप्पा टेबलाला धरून उठले. त्यांनी आपली खुर्ची मागे ओढली, बाईंच्या हातातली किटली काढून घेतली आणि मराठीतच म्हणाले, "अहो, बसा तुम्ही."

आमच्या घरी आई सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभ्याने जेवायची. तिला त्यांनी कधी "बस" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

बाईंना शब्द कळला नसावा, पण त्या बसल्या. पप्पा किटली धरून त्यांच्या कपात कॉफी ओतू लागले, आणि ती किटली पप्पांच्या हातून हिसकावून घ्यावी असं मला वाटलं.