तोंडावर ओरखडा नाही

माझ्या वडिलांनी मोटारसायकलवर कधी हेल्मेट घातलं नाही. डोक्याला रुमाल गुंडाळला की आमच्या धाड गावापासून बुलडाण्यापर्यंत त्यांना कशाचीच भीती नसे. मी नववीत असताना मला मात्र त्यांनी तायक्वांदोचं लाल हेल्मेट आणून दिलं, तेही मी न मागता.

ते मागितलं होतं आत्याने. मी क्लासला जाते हे कळल्यावर ती दारातूनच म्हणाली, "पोरीच्या तोंडावर खूण राह्यली तं उद्या पाहुणे काय म्हणतीन?" पाहुणे म्हणजे मला बघायला येणारे. मी चौदा वर्षांची होते. ते पाहुणे तेव्हा कुठे होते कोण जाणे, पण घरात सगळ्यांना त्यांची काळजी. बाबांनी दोन्ही बाजू राखल्या. "खेळ माय, पण हे घालूनच. तोंडाले लागलं तं क्लास बंद."

मला तो क्लास हवा होता. त्याआधी काहीच इतकं हवंसं वाटलं नव्हतं. खेळाडूंच्या जागेतून पोलिसात जाता येतं असं सर सांगत, पण खरं सांगायचं तर मला भरतीचं काही पडलं नव्हतं. रविवारी बुलडाण्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये मी डोक्याच्या वर पाय फेकायचे, बेंबीच्या देठापासून ओरडायचे, आणि कुणी 'हळू' म्हणायचं नाही. आठवड्यातले तेवढेच दोन तास माझे होते.

छातीचे गार्ड क्लासचे होते, आळीपाळीने घालायचे. हेल्मेट फक्त माझ्याकडे. म्हणून सरांचा नियम होता की सरावाच्या फाइटमध्ये डोक्याला पाय नुसता टेकवायचा. मुली तो पाळत, एकमेकींच्या कानाजवळ पाय आणून थांबवत. माझी पाळी आली की थांबवत नसत. माझी जोडीदार देऊळघाटहून यायची, माझ्याहून वीतभर उंच. पहिल्यांदा तिचा पाय कानशिलावर बसला तेव्हा डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. दिसायला लागलं तेव्हा ती हसत होती, अगदी निर्मळ मनाने. "तुले हेल्मेट हाय ना वो. तुले काय होते?"

मला तिचा भयंकर राग आला. एका रविवारी "तूच घालून पाह्य" म्हणून मी ते तिच्या डोक्यावर चढवलं. आणि माझाच पाय सुटला. एरवी तिच्या उघड्या डोक्याजवळ जाताना माझी मांडी आपोआप आखडायची, ती त्या दिवशी आखडलीच नाही. ती मॅटवर बसली, आणि घाबरायचं सोडून मी मनात म्हणाले, हेल्मेट आहे की. त्यानंतर तिला दोष द्यायची माझी सोय उरली नाही.

तिने हेल्मेट परत केलं ते पुन्हा घातलं नाही. बाकीच्या मुलीही शहाण्या होत्या, कुणी ते मागितलं नाही. मला तेवढी मुभा नव्हती. काढावं तर बाबांची अट, घालावं तर सगळ्यांचे पाय मोकळे, आणि डोकं दुखतं म्हणून घरी सांगावं तर क्लास बंद. इकडे आड, तिकडे विहीर. हनुवटीखाली पट्टा, कानांवर फोम, आत माझ्याच घामाचा वास. त्या हेल्मेटचा मला इतका तिटकारा आला होता की शनिवारी रात्री ते खुंटीवर दिसलं की मी त्यावर टॉवेल टाकायचे.

जिल्ह्याच्या स्पर्धेची निवड होती त्या रविवारी बाबा बघायला आले. खुर्ची पुढे ओढून बसले आणि शेजारच्या पालकांना माझं हेल्मेट दाखवू लागले. दुसऱ्या फेरीत जोडीदाराने गिरकी घेतली. पाय मला दिसलाच नाही, कानामागे काहीतरी आदळलं एवढंच कळलं. मी पडले, उठले, हात वर धरले. पुढची फेरीही मी खेळले म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही.

बाबांनी स्वतः पट्टा सोडला, हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहा, एक ओरखडा नाही!"

परतीच्या वाटेवरचं मला त्यांच्याच तोंडून माहीत आहे. बुलडाणा सुटताना मी मागून विचारलं, "बाबा, माझी बॅग घेतली ना?" बॅग माझ्याच मांडीवर होती. देऊळघाटला पुन्हा तेच विचारलं. धाडच्या अलीकडे पुन्हा. बाबा हसून बेजार झाले. घरी आईला त्यांनी नक्कल करून दाखवली, तेव्हा मी मोरीत ओकत होते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता.

ती नक्कल घरात टिकली. माझ्या पाठवणीच्या वेळीही बाबांनी रडता रडता विचारलं, "बॅग घेतली ना?" सगळे हसले. मीही हसले.

आता रविवारी मीच मुलींना शिकवते. हेल्मेट सगळ्यांना घालायला लावते. भुवई फुटत नाही, कान वाचतो, ते खोटं नाही. पण आतलं डोकं त्याने वाचत नाही, म्हणून आधी पाय थांबवायला शिकवते. गेल्या उन्हाळ्यात बाबा क्लास बघायला आले होते. एका मुलीला मी फाइटमधून बाहेर बसवलं, घरी फोन केला आणि दवाखान्यात पाठवलं.

"काऊन पाठवलं?" बाबांनी विचारलं. "रक्त तं नाही आलं."

"तिनं एकच गोष्ट दोनदा इचारली, बाबा. आत मार लागला की तसं होते."

क्लास सुटला, मी मॅट गोळा केल्या, तरी ते खुर्चीतच होते. मग म्हणाले, "तू तं तीनदा इचारलं होतं."

"हाव."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुम्ही क्लास बंद केला असता."

बाबांनी उठून खुर्ची भिंतीला लावली. "हाव," ते म्हणाले, "केला असता."

बाहेर ऊन होतं. गाडीपाशी त्यांनी रुमाल गुंडाळता गुंडाळता विचारलं, "आता नाही ना दुखत डोकं?"

"नाही," मी म्हणाले. उन्हातून चाललं की अजून दुखतं. पण पुढच्या रविवारी मला क्लास घ्यायचा होता.