दुमडलेली पानं

पुस्तकांनी टोमणे मारायची मला खोड आहे. तोंडाने मी कुणाला वाईट बोलत नाही, उलट डोंबिवलीत आमच्या सोसायटीत गोड बाई म्हणून माझं नाव आहे. पण जाऊबाई माझ्या वजनावर घसरल्या की पुढच्या भेटीत त्यांच्या हातात घर स्वच्छ कसं ठेवावं याचं पुस्तक पडतं. सासूबाईंना मध्यंतरी एक कादंबरी दिली. तिच्यातली म्हातारी दिवसभर कण्हत असते आणि शेवटी घरात तिच्याशी कुणी बोलत नाही. सासूबाई म्हणाल्या, छान आहे गं, फक्त अक्षर बारीक आहे. आता काय बोलणार.

नातेवाइकांच्या ग्रुपवर दर रविवारी मी नुकतीच वाचलेली दोन पुस्तकं सुचवते, एक गोष्टीचं आणि एक कामाचं. पुस्तक कुणाला वाचायला दिलं तर त्यातली एक-दोन पानं कोपऱ्यात दुमडून देते. दुमडलेलं पान म्हणजे मला तुला काहीतरी सांगायचंय, हे घरात सगळ्यांना ठाऊक झालंय.

धाकटी बहीण आंबिवलीला राहते. तिचा नवरा तिच्यावर हात उचलतो. माहेरी सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. मीही नाही काढलं. मी दिवाळीनंतर तिला दोन पुस्तकं दिली. कादंबरीतली बाई मार खाऊन खाऊन एक दिवस दार ओढून घेते आणि चालायला लागते, ते पान मी दुमडलं. दुसरं पुस्तक घरगुती डब्यांचा धंदा कसा करावा याचं. त्यातलंही एक दुमडलं. खरं सांगते, तेव्हा मला फार बरं वाटलेलं. आपण बहिणीसाठी काहीतरी केलं, असं.

दोन महिन्यांनी मंगळवारी सकाळी ती दारात उभी. मोठी बॅग, आणि कपड्यांवर ठेवलेली ती दोन पुस्तकं.

“ताई, दोन्ही वाचली,” ती म्हणाली.

“किती दिवसांसाठी आलीस?” मी विचारलं. ये, बस म्हणायच्या आधी विचारलं.

तिने डब्यांचं पुस्तक काढलं आणि दुमडलेल्या पानावर बोट ठेवलं. सुरुवातीला स्वतःची जागा नसेल तर ओळखीच्या माणसाच्या स्वयंपाकघरातून काम सुरू करावं, असं तिथे लिहिलेलं होतं. मी ते पान खालच्या भाताच्या मापासाठी दुमडलं होतं. वरच्या ओळी मी धड वाचल्याही नव्हत्या.

“मानपाड्याला कंपन्यांत डबे लागतात. मी विचारून आलेय,” ती म्हणाली. “चारला उठेन. साताच्या आत तुझा ओटा मोकळा करून देईन, पुसून. कुणाला कळणारही नाही मी आहे ते.”

मला तिची दया यायला हवी होती. मला राग आला. एवढी घोडी झाली आणि पुस्तकात लिहिलंय म्हणून घर सोडून येते?

“अगं, ते पान असंच दुमडलेलं,” मी म्हणाले. “आणि ती कादंबरी आहे. कादंबरीत सगळं जमतं.”

मग मी कारणं सांगितली. पोराची दहावी, सासूबाईंचा गुडघा, दोनच खोल्या. एकही खोटं नव्हतं. हॉलमधला दिवाण मात्र रोज रिकामा असतो, ती बसली होती तोच. ती मान हलवत ऐकत होती. मी पोहे केले. तिने ते संपवले, बशी विसळून ठेवली.

मग मांडीवर पुस्तकं घेऊन तिने दोन्ही कोपरे सरळ केले, नखाने दाबून दाबून. दुसऱ्याचं पुस्तक नीट परत द्यावं, हे मीच तिला लहानपणी शिकवलेलं. मी म्हटलं, जेवूनच जा. ती घड्याळाकडे बघून म्हणाली, नको, हे दीडला जेवायला येतात, त्याआधी बॅग आत टाकायला हवी. मी तिला रिक्षात बसवून दिलं. वर येऊन पुस्तकं कपाटात ठेवली आणि भाजी निवडायला घेतली.

त्या आठवड्यात माझं नवीन काही वाचून झालं नव्हतं. रविवार चुकवायचा नाही म्हणून मी ग्रुपवर तीच कादंबरी सुचवली. लिहिलं, प्रत्येक बाईने वाचावी अशी, ती दार ओढून निघते तिथे अंगावर काटा येतो. जाऊबाईंनी फुलं पाठवली. थोड्या वेळाने बहिणीचं आलं, “ताई, मी वाचलीय. खूप छान आहे.”

त्याच्याखाली तिच्या नवऱ्याचा अंगठा होता.