बेलवांग्यांना घातलेले पेंडीचे पाणी

भिजलेल्या पेंडीचा आंबूस वास आला की शुक्रवार पेठेतले ते परस आठवते. शेजारच्या काकूंनी डोहाळे लागलेल्या लेकीसाठी तिथे बेलवांगी लावली होती. टोमॅटोला तेव्हा आम्ही तेच म्हणत असू. लेकीला सासरहून आणायला केम गावी जाताना त्यांनी बजावले, "फुलं आलीत. आता नुसती राख घाल, पेंड न्हाय." फळे जास्त धरतील म्हणून मी रोज पेंडीचे पाणी घातले. आठवड्यात पाने गर्द झाली आणि फुले सगळी गळाली. परतल्यावर काकू रोपांपाशी बसून म्हणाल्या, "ऊन लई झालं असंल की." मी "व्हय" म्हणालो. लेकीने चिंचेवर भागवले. पुढच्या वर्षी काकूंनी रोपांवर सावलीला गोणपाट बांधले. त्याची दोरी मीच आवळली. खरे कारण आज लिहितो आहे, काकू नसताना.