गोड्या पाण्याची साय

नोबतगुली आगा चहाचा उरलेला घोट कधी जमिनीवर टाकत नसत. त्यात पाव बुडवून खात. सकाळी विहिरीचं पहिलं पाणी तोंडात धरून, डोळे मिटून उभे राहत. ताकिरवरून, म्हणजे वस्तीपुढच्या चिकणमातीच्या मैदानावरून, चालताना वाळून वर वळलेले मातीचे पापुद्रे बुटाच्या टोकाने उलटून बघत. खाली मिठाचं पांढरं दिसलं की कातडी टोपी मागे सरकवत. मी शाळेत शिकवतो म्हणून मला "मास्तर" म्हणत, आणि माझ्या कवितांना "ओल्या गोष्टी".

यंदा वसंतात पाऊस झालाच नाही. काराकुम वाळवंटाच्या आमच्या भागात खालचं पाणी खारं. ताकिरवर पडलेला पाऊस चरांतून विहिरीजवळ येतो, मुरतो आणि त्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखा तरंगतो. घाईने उपसा केला की खारं वर चढतं. मग वस्ती उठते.

आगा नवा चर खणत होते. खणता खणता त्यांना धुळीचा लोट दिसला. फावडं तिथंच रोवून ते विहिरीकडे गेले.

शेजारच्या वस्तीतला पेल्वान मेंढ्यांचा कळप घेऊन आला होता. त्याची विहीर खारी झाली होती. तहानलेल्याला परत पाठवणं आमच्यात होत नाही. आगांनी लहान बादली लावली, दोर स्वतः धरला, मधून मधून चव बघितली. अर्धा कळप प्यायला. मग त्यांनी विहिरीवर झाकण ओढलं.

"आता संध्याकाळी. तोवर पाणी बसू दे."

"संध्याकाळपर्यंत मेंढ्या उरतील का, आगा?"

"सगळ्या नाही उरणार."

"चहापुरतं राखून ठेवताय, सरळ सांगा ना!"

"तुझ्या विहिरीला असं थांबू दिलं होतंस का रे?"

पेल्वानने दोर हिसकला. आगा जाऊन झाकणावर बसले.

"घे. मला उचल आणि काढ पाणी."

त्याने उचललं नाही. पण तो मागेही सरला नाही. ऊन डोक्यावर आलं. मेंढ्यांना पाण्याचा वास येत होता. त्या आगांच्या गुडघ्यांना धडका देत होत्या. पेल्वानने सुरी काढली. खाली बसलेली एक मेंढी उठत नव्हती. ती मरण्याआधी त्याने तिच्या मानेवर सुरी फिरवली आणि सुरी तशीच हातात धरून पुन्हा आगांसमोर उभा राहिला.

मी घरून पाण्याचा पेला नेला. आगांनी तोंड फिरवलं.

"याच्या मेंढ्या बघतायत, मास्तर. ने परत."

ऊन उतरल्यावर ते उठले. बादली वर आली. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. पेल्वानचा श्वास मला ऐकू येत होता.

"गोड आहे. पाज."

मेंढ्या प्यायल्या. पेल्वानने स्वतः पेला भरून आगांपुढे धरला. ते थोडंसं प्यायले, "डोकं गरगरतंय" म्हणाले आणि घरी जाऊन आडवे झाले.

सकाळी उठले नाहीत.

आज त्यांच्या तिसऱ्या दिवसाचं जेवण झालं. मांस पेल्वानने आणलं. चहाला पाणी याच विहिरीचं होतं. पाहुणे गेल्यावर मी ताकिरवर गेलो. नवा चर सरळ येतो आणि विहिरीच्या थोडा अलीकडे थांबतो. पाऊस आला तर पाणी तिथपर्यंत येईल. पुढे कोरडी, भेगाळलेली माती आहे, आणि त्यांचं फावडं.